छापील आधार

“छापील आधार कुठंय?” मुख्य संपादकांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. ‘उक्तं’ या शब्दाखालच्या वाक्यावर लाल रेघ होती.

बावीस वर्षं मी या शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लिहिते. शब्द, अर्थ, एक वाक्य, खाली आधार. ‘किंमत’ अरबीतून आली, ‘महाग’ ‘महार्घ’पासून, ‘मोल’ ‘मूल्य’पासून, सगळं मला तोंडपाठ. पण हे कार्ड आईचं होतं. ती जन्मभर बाजारात भाजी विकत बसली. न मोजता, न तोलता, तोंडी ठरलेल्या किमतीला अख्खा ढीग घ्यायचा, त्याला ती उक्तं म्हणायची. तिचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं: ‘उक्तं घेतलं ते तोंडानं घेतलं, आतून सडकं निघालं तरी माघारी जायचं नाही.’

साहेबांनी ते खोडून स्वतःचं घातलं होतं: ‘त्याने लाकडांचा ढीग उक्ता घेतला.’ जन्मात कधी पावशेर मिरच्या विकत घेतल्या नसतील या माणसानं!

“साहेब, ‘उक्त’ म्हणजे बोललेलं, ही व्युत्पत्ती तुम्हीच लिहिलीत ना? मग बोललेल्या शब्दाला छापील आधार कसला मागता?”

“आईचं वाक्य म्हणून एवढा कैवार?”

“हो, आईचं म्हणूनच! आठ महिने झाले, अर्धांगाच्या झटक्यानं तिची वाचा गेलीय. ती आता दुसरं वाक्य देणार नाही.”

ते घड्याळ बघत म्हणाले, “असं बोलणारी माणसं उद्या घेऊन या. माझ्यासमोर बोलली तर ठेवतो. दुपारी पानं छापायला जातायत.” कोणी येणार नाही याची खात्रीच होती त्यांना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठून बाजारात गेले.

दुसऱ्या दिवशी ऐन विक्रीच्या वेळी आईच्या शेजारी बसणाऱ्या चौघीजणी भाजी झाकून कचेरीत आल्या. आईला मी चाकाच्या खुर्चीतून आणलं.

“तिकडं पालेभाजी सुकतेय, काय विचारायचं ते पटकन विचारा,” त्यांतल्या थोरल्या मावशीनं साहेबांना सुनावलं आणि आईचं वाक्य एका दमात म्हणून दाखवलं. मग दुसरीनं, तिसरीनं. चौथी तर उखडलीच.

“आम्ही बोलतो ते खरं का खोटं, हे तुम्ही ठरवणार होय? बोलून बोलून आमची हयात गेली की!”

साहेब खाली मान घालून लिहीत गेले. आईच्या खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“यांचं राहू द्या,” ते हळू आवाजात म्हणाले.

आईनं डाव्या हातानं त्यांची बाही धरली. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळानं नुसता एक ‘उ’ बाहेर पडला.

“का थांबलात?” मी ओरडले. “लिहा!”

साहेबांनी टोपण काढलं. आईनं बाही सोडली नव्हती.