हनुवटीपर्यंतचा हार

टाळ्या इतक्या कडकडून पडल्या की उदगीरच्या त्या मंगल कार्यालयाच्या छताखालची कबुतरं उडून गेली. स्टेजवर बारा वर्षांचा आदर्श डोळ्यांवर काळी गादीदार पट्टी बांधून उभा होता. त्याच्या हातात एक कार्ड होतं. ते त्यानं आधी बोटांनी चाचपलं, मग नाकाजवळ नेऊन हुंगलं आणि शेवटी छातीशी धरून सांगितलं, "लाल रंग हाय. मधी हत्ती हाय. खाली लिहिलंय, सोमनाथपूर."

"हर हर महादेव!" मागून आरोळी उठली. पुढच्या रांगेतल्या दोन बाया रडायलाच लागल्या.

वास घेऊन लाल रंग ओळखणारं पोरगं बघून शहाणीसुरती माणसं हात जोडत होती. त्यांत दोन वकील, एक निवृत्त प्राचार्य आणि भुसार बाजारातले झाडून सगळे व्यापारी. बाजारात तुरीचा एक दाणा दाताखाली फोडल्याशिवाय भाव न बोलणारी ही माणसं. कागदावरच्या हत्तीला कसला वास येतो, हे मात्र त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आदर्शच्या बाजूला पांढऱ्या झब्ब्यात, कानाला माईक चिकटवून प्रज्ञागुरू रविकिरणजी उभे होते. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या वाटेवर त्यांचं 'त्रिनेत्र जागरण केंद्र' आहे. आमच्या सेवासंगम क्लबचे या महिन्याचे प्रमुख पाहुणे.

"महादेवाच्या कपाळावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसरा डोळा!" सभागृह ओरडलं.

"आणि तुमच्या कपाळात काय आहे?"

एवढ्या लोकांत कुणाला आपल्या कपाळात काय आहे याचा पत्ता नव्हता.

"पिनियल ग्रंथी!" गुरुजींनी स्वतःच उत्तर दिलं. "तोच तो डोळा. परदेशी शास्त्रज्ञांना आत्ता सापडला, आपल्या ऋषींना आधीच माहीत होता. आम्ही शिबिरात अल्फा लहरी सोडतो, ग्रंथी जागी होते, आणि मग बाहेरचे डोळे असले काय, नसले काय, सारखंच!"

या शेवटच्या वाक्याला सगळ्यात मोठी टाळी पडली. आणि याच वाक्यानं माझं डोकं फिरलं. त्याचं कारण पहिल्या रांगेत आईला बिलगून बसलं होतं.

आमच्या क्लबची दोन कामं. एक, समाजसेवा. दुसरं, पाहुणे बोलावणं. समाजसेवेत आम्ही बसस्टँडवर बाकडी बसवली. बसायच्या फळीपेक्षा नावांची पाटी मोठी. पाहुण्यांच्या बाबतीत तर आमचा हात कुणी धरू शकत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, व्याख्यान, सत्कार, आभार, जेवण. या क्रमात प्रश्नोत्तरं कुठेच नाहीत. पाहुण्याला प्रश्न विचारायचा नाही, हा क्लबचा शिरस्ता. कुणी हात वर केलाच तर अध्यक्ष वीरभद्रअप्पा डोळे वटारतात, "किशनराव, पाहुण्याचा अपमान करायला बोलवलंय का?"

किशनराव म्हणजे मी. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं माझं दुकान आहे. आभारप्रदर्शन कायम माझ्याकडे, कारण आभार सुरू झाले की लोक ताटांकडे पळतात आणि मी काय बोलतो ते कुणी ऐकत नाही.

क्लबचं एक काम मात्र खरं झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टर पुनम यांनी आमच्या बॅनरखाली शिरूर अनंतपाळला नेत्रतपासणी शिबिर घेतलं. त्यात त्यांना अंजू सापडली. नऊ वर्षांची पोर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाळेत तिला सगळे मठ्ठ म्हणायचे. फळा दिसतच नाही, तर पोर वाचणार काय? मंगळवारी लातूरला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आज तिला आणि तिची आई शिवकन्या हिला क्लबनं फोटोसाठी बोलावलं होतं. 'लाभार्थी' म्हणून.

आदर्शनं हत्ती वाचल्यावर शिवकन्या उठून डॉक्टरबाईंच्या खुर्चीजवळ गेली. मी शेजारीच होतो.

"मॅडम, मंगळवारचं ऱ्हाऊ द्या."

"का हो?"

"आदी ह्या सरांचं शिबिर करून बगते. बिनचाकूचं होत असंल तर लेकराच्या डोळ्याला कशाला सुई लावू? घरात सासरे आदीच नको म्हणायलेत. काही झालं तर मलाच धरतेत सगळे."

"शिवकन्याताई, ऐका माझं." डॉक्टर पुनम हळू पण ठाम बोलल्या. "या वयात मेंदू बघायला शिकत असतो. डोळ्यातून नीट चित्रच गेलं नाही तर तो शिकत नाही. आधीच उशीर झालाय. आणखी थांबलात तर पुढं ऑपरेशन करूनही पुरती नजर येणार नाही."

"आणि तिसरा डोळा उघडला तर?"

डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या. "अध्यक्ष, मला पाहुण्यांना एक प्रश्न विचारायचाय."

"मॅडम, जेवताना विचारा की," वीरभद्रअप्पा हसत म्हणाले, पण डोळे वटारलेलेच. आदर्श त्यांचा नातू. नातवाचा तिसरा डोळा उघडला म्हणून अप्पांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. आता कोण डॉक्टर आणि कसला प्रश्न!

तेवढ्यात दारात गडबड झाली. मंडप, जेवण, हारतुऱ्यांचा खर्च उचलणारे धोंडप्पा सावकाश उगवले. त्यांना पुढं लग्नाला जायचं होतं, म्हणून सत्कार मध्येच उरकायचं ठरलं. धोंडप्पांचा हार म्हणजे साधा नसतो. झेंडूचा, मांडीएवढा जाड, पुढाऱ्याच्या अंगाला शोभेल असा. तो त्यांनी आदर्शच्या गळ्यात घातला. पोरगं हारात बुडालं. फुलं थेट ओठांपर्यंत आली.

"पट्टी काढू नका!" गुरुजी म्हणाले. "ऊर्जा चालू आहे. बेटा, धोंडप्पांसाठी एक कार्ड वाच."

आदर्शनं कार्ड घेतलं. चाचपलं. हुंगलं. छातीशी धरलं. मग परत चाचपलं, परत हुंगलं.

"वाच की बाळा," धोंडप्पा म्हणाले.

"हार काढा," पोरगं पुटपुटलं. "टोचायलाय."

गुरुजी क्षणभरही अडले नाहीत. "झेंडूच्या सुगंधलहरी अल्फा लहरींना आडव्या जातात! फुलांची शक्ती बघा!" लोकांनी याही गोष्टीला टाळ्या वाजवल्या. चमत्कार झाला तरी टाळ्या, फसला तरी टाळ्या. हार काढला, आणि पोरानं लगेच सांगितलं, "हिरवं. पोपट."

पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडा कुठून येतो ते बघतो. मला बुडबुडा दिसला. मी डॉक्टरबाईंकडं पाहिलं. त्यांनी फक्त आपल्या नाकाच्या बाजूला बोट लावलं.

इकडं गुरुजींनी अंजूला स्टेजवर बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "या मुलीला चाकूची गरज नाही! आई, सांगा सगळ्यांना. ऑपरेशन रद्द?"

शिवकन्येनं पदर सावरला. सगळं सभागृह तिच्याकडं बघत होतं. "हाव," ती म्हणाली. "रद्द."

टाळ्या. वीरभद्रअप्पांनी मला खूण केली. आभार.

माणसं उठायला लागली. मी माईक धरला. "पाहुण्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार. पण मंडळी, एक चूक झाली. आदर्शच्या गळ्यात हार घातला आणि लगेच काढला. धोंडप्पांचा हार! असा अर्धवट सत्कार या क्लबात आजवर कुणाचा झाला नाही."

"खरं हाय!" धोंडप्पा लग्न विसरून खाली बसले. "येवढा मोठा हार केला तो काय टेबलावर ठेवायला? घाला परत!"

धोंडप्पा बसले म्हटल्यावर बाकीचेही बसले.

"फुलं नकोत," गुरुजी घाईनं म्हणाले. "लहरी..."

"बरोबर, सर. मग शाल घालू. शालीला कुठं वास असतो?" क्लबच्या सत्काराची शाल मी उचलली. न्हाव्याकडं बसल्यावर गळ्याला फडकं बांधतात तशी ती आदर्शच्या हनुवटीखाली धरली आणि दोन्ही टोकं पुढं ताणली. पट्टी होतीच. कार्ड शालीखाली त्याच्या हातात दिलं. "वाच बेटा. अल्फा लहरी शालीतून जात असतील की."

आदर्शनं चाचपलं. त्याची मान वर गेली, आणखी वर गेली. दिसत होती ती फक्त शाल.

"सभेत कुणीतरी संशयी बसलंय," गुरुजींचा आवाज चढला. "संशयानं लहरी तुटतात!"

"मी मघापासून इथंच आहे, सर, आणि मघापासून संशयीच आहे. तरी हत्ती दिसला, पोपट दिसला. आता शाल आली आणि लगेच लहरी तुटल्या? बरं, शाल काढतो." मी शाल काढली आणि कार्ड त्याच्या कपाळासमोर धरलं. "तिसरा डोळा इथंच असतो ना? त्याच्या पुढ्यात धरलंय. वाच."

पोरानं स्वतःच पट्टी ओढून काढली.

"आज्या, मला खालून दिसतंय," तो अप्पांना म्हणाला. "नाकापाशी फट ऱ्हाते. तिथून दिसतंय."



"मग आदी का न्हाई सांगितलास?" अप्पांचा हात उगारला गेला.

डॉक्टर पुनम मध्ये आल्या. "त्याला कशाला मारता? आज स्टेजवर खरं बोलणारा तेवढा एकच आहे."

आदर्श रडत रडत सांगत होता, "शिबिरात समद्या पोरांना दिसतंय. सर म्हणले, जो फटीतलं सांगंल त्याचा नेत्र कायमचा मिटला. आनी तुम्ही तर पेढे वाटलाव. मी कसं सांगू?"

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. नाही संपली. "लेकरू घाबरलंय," एक जण म्हणाला. "ह्याचाच नेत्र कच्चा ऱ्हायला आसंल," दुसरा म्हणाला. प्राचार्य म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे, प्रयोग फसला." आणि शिवकन्या अंजूचा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "ह्या पोराचा न्हाई उघडला, म्हणून माझ्या लेकीचाबी उघडणार न्हाई, आसं कसं?"

खोटेपणा उघडा पडला तरी माणसं त्याला सोडत नाहीत. सुई नको, रक्त नको, सासऱ्याची बोलणी नकोत, असं ज्याला वाटतं त्याला ही आशा सोडणं जड जातं. या गुरूंचा धंदा चालतो तो याच्यावर.

डॉक्टर पुनम यांनी पट्टी उचलून शिवकन्येच्या हातात दिली. "तुम्ही बांधून बघा."

शिवकन्येनं पट्टी बांधली. "अंधार हाय नुस्ता."

"मान थोडी वर करा. आता नजर खाली, नाकाच्या कडेनं."

तिनं मान वर केली, नजर खाली नेली. "चपला दिसायलेत. अंजूच्या. निळ्या."

"आता पट्टी काढा."

तिनं पट्टी काढली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं टेबलावरचं हत्तीचं कार्ड घेतलं आणि अंजूच्या तोंडासमोर धरलं. "अंजू, ह्याच्यावर काय हाय?"

पोरीनं डोळे बारीक केले. "लाल लाल हाय, अव्वा. वर धुरकट हाय. आनी काही दिसत न्हाई."

शिवकन्या वळली. मघाशी सगळ्या सभागृहासमोर दबकत 'हाव' म्हणणारी बाई आता सरळ गुरुजींच्या समोर उभी राहिली.

"सर, माझे डोळे चांगले हायत, म्हणून मला फटीतून दिसलं. त्या पोराचे चांगले हायत, म्हणून त्याला दिसलं. माझ्या लेकराला उघड्या डोळ्यानं हत्ती दिसंना. तिनं तुमच्या फटीतून काय बगायचं?"

गुरुजींकडं झेंडूपासून महादेवापर्यंत सगळ्याचं उत्तर तयार असायचं. कानाचा माईक त्यांनी काढून खिशात घातला.

"मॅडम," शिवकन्या डॉक्टरबाईंना म्हणाली, "मंगळवारी गाडी किती वाजता येती?"

गुरुजी जेवायला थांबले नाहीत. मी आणि डॉक्टर पुनम यांनी दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रार दिली. क्लबनं सही करायला नकार दिला, क्लबची बदनामी नको म्हणून. पोराला खोटं बोलायला लावणारं शिबिर स्टेजवर मिरवलं तेव्हा बदनामी झाली नव्हती. ती तक्रारीनं होणार होती! यापुढं आभारप्रदर्शनात फक्त आभारच मानावेत, असा ठरावही झाला. मी त्याचेही आभार मानले.

अंजूच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आधी एक, मग दुसरा. नजर पुरती यायला वेळ लागेल, चष्मा लागेल, रोज सराव लागेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. खरा डॉक्टर आधी अडचणी सांगतो. ज्याच्या उपायात अडचणच नाही, त्याच्यापासून लांब राहा.

चष्मा लागला त्या दिवशी आमच्या क्लबनं न चुकता दवाखान्याबाहेर फ्लेक्स लावला होता. श्रेय घ्यायला आम्हाला तिसऱ्या डोळ्याची गरज पडत नाही. अंजू आईचा हात सोडून त्या फ्लेक्सपुढं उभी राहिली आणि मधल्या सरावात शिकलेलं एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "वी-र-भ-द्र-अ-प्पा." मग फोटोकडं बोट दाखवून म्हणाली, "अव्वा, ह्या माणसाच्या गळ्यात येवढा मोठा हार कशाला?"

त्याचं उत्तर मी देतो. पाहुण्याला हार घालायची हौस आपल्याला आहेच, तर घाला. कुणी पट्टी बांधून वाचून दाखवतो म्हणाला, की त्याला धोंडप्पांच्या हाराएवढा जाड हार घाला, थेट हनुवटीपर्यंत. मग म्हणा, आता वाच. आणि विचारा. व्याख्यान चालू असताना विचारा, हात वर करून, खुर्चीवरून उठून, अध्यक्षानं डोळे वटारले तरी विचारा. त्या दिवशी कुणी वेळेवर विचारलं असतं, तर एका आईला भरसभेत लेकीची नजर 'रद्द' म्हणावी लागली नसती.