मल्हारचं रान

"मालक, आधी दगड हलवा," हरिबामामा म्हणाले. मी जाळी हातात धरून टाकीपुढे घामाघूम उभा होतो.

पाच फुटांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माझा जुना एंजल मासा नव्याला दगडांभोवती पळवून पळवून टोचत होता. जुना कोरल ब्युटी जातीचा, जांभळा-केशरी, जेमतेम बोटभर लांबीचा. नवा एम्परर जातीचा, अजून पिल्लूच, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं. रंग वेगळा, घाट वेगळा, म्हणजे दोघांचं जमेल, असं मी मोबाइलवर शंभर व्हिडिओ पाहून ठरवलं होतं. अख्ख्या मुरुम गावात समुद्री मासे पाळणारा मी एकटाच, त्यामुळे माझी अक्कल तपासायलाही कुणी नव्हतं. बायको सोनाली तपासायची, पण तिचं ऐकलं असतं तर टाकीच घरात आली नसती.

हरिबामामा आमच्या खत-बियाणांच्या दुकानात राखणीला आहेत. मूळचे अणदूरकडचे. जन्म मेंढरांमागे गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कळप विकून इथे आले. माशांशी त्यांचा संबंध एवढाच, की दुपारी दुकान बंद असलं की घरात येऊन टाकीसमोर बसायचे.

"नवा एडका जुन्या मेंढवाड्यात घालत न्हाईत," ते म्हणाले. "दोघांनाबी नव्या जाग्यावर न्यायचं. जागा कुणाचीच नसली की निम्मं भांडण तितंच मिटतं."

एरवी मी हसलो असतो, पण नव्याचा पर फाटला होता. कोपरापर्यंत हात घालून सगळे दगड इकडचे तिकडे केले. जुना बावचळला आणि आपली कपार शोधत फिरू लागला. त्याला टोचायची सवडच राहिली नाही. संध्याकाळपर्यंत दोघांनी दोन टोकांना दोन कपारी धरल्या. त्या दिवसापासून टाकीतलं काहीही मी मामांना विचारल्याशिवाय केलं नाही.

नव्याला मामांचा लळा लागला. तंबाखूचा हात चार वेळा धुऊन ते समुद्री शेवाळाचं पान पाण्यात धरायचे आणि तो त्यांच्या बोटांतून ओढून खायचा. वर्षभरात त्याची पांढरी वर्तुळं पुसट होत गेली आणि अंगावर भंडाऱ्याची बोटं ओढल्यासारख्या पिवळ्या रेघा उमटल्या. मामांनी त्याचं नाव मल्हार ठेवलं. इतका देखणा जीव मी आयुष्यात पाहिला नव्हता.

पुढे मल्हार वीतभर झाला आणि पारडं फिरलं. आता तो जुन्याला कपारीतून बाहेर येऊ देईना. दोनदा दगड हलवले, उपयोग शून्य. दोघांतल्या एकाला जावं लागणार हे उघड होतं. मी जुन्याला द्यायचं ठरवलं आणि मामा खूश होतील म्हणून मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितलं.

"जुन्याचा काय गुन्हा?" मामा म्हणाले. "त्याला हे रान पुरतंय. मल्हारला न्हाय पुरत. दोन हात जातो न् काच लागती. अजून लई वाढणार त्यो. त्याला द्या."

"मामा, तुमच्या हातानं खातो तो."

"म्हणून तर म्या सांगतुय."

मला माझीच लाज वाटली. व्हिडिओवाले पहिल्या दिवसापासून सांगत होते की एम्परर ताटाएवढा होतो, त्याला लहान टाकीत आणू नका. तेवढंच मी कानाआड केलं होतं.

सोलापूरला रामकिसनच्या माशांच्या दुकानात दहा फुटी टाकी होती आणि तो मल्हारला घ्यायला तयार होता. वाटेत मामांनी थर्मोकोलचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. प्रत्येक गतिरोधकाला मला हळू चालवायला लावलं. दुकानात पोचल्यावर त्यांनी आधी विचारलं, आत कोण कोण आहे, आणि कोण किती दिवसांपासून आहे. मग रामकिसनला दगड हलवायला सांगितले. रामकिसनने माझ्याकडे पाहिलं.

"हलवा," मी म्हणालो. "मामा सांगतात तसं करा."

दगड हलले. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून डब्यात त्या टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळून झालं आणि मल्हार आत सुटला. सुटला तो थेट मागच्या दगडाआड. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. उशीर होत होता. तो सुखात राहील, आपण निघू, असं मी दोनदा म्हणालो. दुखऱ्या गुडघ्यांवर मामा तसेच उभे राहिले. रामकिसनने दिलेल्या स्टुलावरही बसले नाहीत.

"मेंढरं इकली तवा टेम्पो भरला न् लगीच गेला," काचेवरची नजर न काढता ते म्हणाले. "कुठं उतरली, चरली का न्हाई, कायबी कळलं न्हाय."

मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मल्हार दगडाआडून बाहेर आला. लांबलचक पाण्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जाऊन आला आणि रामकिसनने अडकवलेल्या शेवाळाच्या पानाला तोंड लावलं.

"खाल्लं त्यानं," मामा म्हणाले. "चला आता."