बेनब्रिजबाईंचं रान

बेनब्रिजबाईंनी कुरतडलेला शलगम विल्फ टॅलंटायरच्या ताटाशेजारी आदळला, तेव्हा विल्फच्या तोंडात गरम बटाटा होता. तो गिळावा की थुंकावा हे ठरेना, म्हणून तो नुसताच डोळे वटारून बाईंकडे बघत बसला. बाईंच्या बुटांचा चिखल नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरला. विल्फची बायको डोरीन एरवी असल्या चिखलावरून पोस्टमनलासुद्धा सोडत नसे, पण बाईंपुढं तीही गपगुमान चहाचं आधण ठेवायला वळली.

बेनब्रिजबाईंचं रान अख्ख्या खोऱ्यात मोठं. वर माळापासून खाली थेट नदीपर्यंत. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच मेंढरं, कुत्री आणि गडी हाकत होत्या, आणि तिघांशीही एकाच आवाजात बोलत होत्या. विल्फ त्यांचा गडी नव्हता, रात्री त्यांच्या रानात ससे मारायला जायचा एवढंच, तरी त्याच्याशीही त्याच आवाजात.

"ह्यो शलगम कुणी खाल्ला?"

"सशानं दिसतोय, बाई."

"दिसतोय न्हवं, सशानंच. दर वेळी फाटकाशी येऊन सांगतोस, आज लई मारले, आज ढीग मारले. मग माझ्या रानात आता चरतंय ते काय त्या मेलेल्यांची भुतं हायेत?"

विल्फनं बटाटा गिळला. यंदा थंडी उशिरा पडली, कोल्हे कमी झाले, पलीकडच्या रानातले ससे बांध ओलांडून येतात, असं त्यानं सुचेल ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाला हात न लावता आपलं सांगितलं. गावातलाच दुसरा शिकारी नॉर्मन रेन त्यांच्याकडं येऊन गेला होता. एक हिवाळा रान द्या, एक ससा ठेवत नाही, असं म्हणत होता. बाईंना दोघांच्याही तोंडावर भरवसा नव्हता. तेव्हा आता नाताळ झाला की मेंढ्या विणीला येईपर्यंत एक रात्र विल्फची, एक रात्र नॉर्मनची. मारलेले ससे सकाळी अंगणात आणून टाकायचे. ज्याचे जास्त भरतील त्याला रान कायमचं, आणि दुसऱ्यानं पुन्हा फाटकाला हात लावायचा नाही.

बाई गेल्यावर डोरीन म्हणाली, आता तरी नीट मार. विल्फनं ताट पुढं सारलं. त्याची भूकच मेली होती.

आता विल्फचं दुखणं काय होतं ते सांगायला हवं. दिवसा हा माणूस रस्त्याच्या टोळीत खड्डे बुजवायचा. कालचं पोर मुकादम होऊन त्याला फावडं कसं धरायचं ते शिकवायचं आणि हा ऐकून घ्यायचा. घरी डोरीनचं राज्य. पण चंद्र नाही, वारा सुटलाय, ढग खाली उतरलेत, अशा रात्री पाठीवर बॅटरीचा जड डबा आणि हातात त्याला तारेनं जोडलेली झोताची बत्ती घेऊन तो बाईंच्या फाटकातून आत शिरला की त्याची छाती दोन बोटं फुगायची. सोबत मेग. ग्रेहाउंडच्या अंगलटीची, पण खरबरीत केसांची शिकारी कुत्री, त्याच्या गुडघ्याला घासून चालणारी. तिथं त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. खोऱ्यातल्या बाकीच्या रानांवर ज्याची त्याची माणसं ठरलेली, आणि बायको दुसऱ्याला देतील पण रान देणार नाहीत अशी. बाईंचं फाटक बंद झालं असतं तर मेगला घेऊन त्यानं चर्चभोवती फेऱ्या मारायच्या.

आणि कामात तो खरंच तरबेज होता, हे त्याचे वैरीही मानत. वारा तोंडावर घेऊन चालायचा, म्हणजे सशाला ना वास ना चाहूल. बत्ती सदानकदा पेटवून ठेवायची नाही. एकदा रानावरून फिरवायची, लाल डोळा चमकला की जागा ध्यानात धरायची आणि विझवायची. मग अंधारातून वळसा घालून ससा आणि बांधाच्या मधे यायचं. पुन्हा झोत टाकला की ससा कान पाडून जमिनीला चिकटतो. तेवढ्यात मेगचा पट्टा सुटायचा. झोत सशावरून हलायचा नाही, आणि कुत्रीच्या डोळ्यांत तर कधीच जायचा नाही. तिनं धरला की लगेच अंधार. मग गवतातून तिच्या पावलांचा आवाज यायचा, आणि जिवंत ससा, एक दात न लागलेला, विल्फच्या हातात.

आणि इथंच त्याची चोरी होती. हातात आलेल्या सशाच्या पोटावरून तो अंगठा फिरवायचा. नर असला की मान मोडून पिशवीत. मादी असली, दुधावर असली, गाभण असली, की बांधाशी नेऊन हळूच सोडून द्यायचा. म्हणजे बाईंच्या शलगमावर हा गडी वर्षानुवर्षं ससे पाळत होता. रान रिकामं झालं तर रानात जायचं कशाला, हे त्याचं गणित. मेगला ते पटत नसे. धाप टाकत आणलेला ससा धन्यानं पुन्हा सोडला की ती खाली मान घालून लांब जाऊन बसायची.

नॉर्मन रेनचा कारभार निराळाच. कोळशाच्या लॉरीचा ड्रायव्हर, कातडी जाकीट, आणि बत्ती इतकी दणकट की पलीकडच्या गावात कोंबडे आरवावेत. कुत्र्याचं नाव बॅरन. बॅरन धावताना भुंकायचा. वारा पाठीवर घेऊन, सिगारेट ओढत, आपल्याच विनोदाला हसत नॉर्मन रानात शिरायचा. झोत पडल्याबरोबर बॅरन बोंबलायचा आणि ससे बिळात. एकदा असा सुटलेला ससा पुढं बत्ती दिसताच पळतो, त्याच्यावर मग कुणाचीच मात्रा चालत नाही. नॉर्मननं आजवर मारले त्याहून जास्त ससे शहाणे करून सोडले होते.

त्यामुळं पैज लागली तेव्हा विल्फ मनातून निर्धास्त होता. पहिल्या आठवड्यात त्यानं नेहमीसारखंच निवडून मारलं. पण अंगणात बघतो तर नॉर्मनचा ढीग त्याच्याएवढाच. दुसऱ्या आठवड्यात त्याहून मोठा. बाई ढिगांपुढून चालत आणि गोठ्याच्या दारावर खडूनं रेघा ओढत. नॉर्मन शीळ घालत उभा. विल्फची झोप उडाली. बॅरननं भुंकून भुंकून ससे मारले की काय, हेच त्याला कळेना.

कोडं सोडवलं डोरीननं. ती पहाटे शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. नॉर्मनच्या पाळीच्या सकाळी तिनं कोळशाची लॉरी स्विनहोपच्या रस्त्यानं उतरताना बघितली होती, एकदा नव्हे, दर खेपेला. स्विनहोपला नॉर्मनचा चुलतभाऊ राहत होता. तिथली जमीन भुसभुशीत, बिळांनी पोखरलेली. भाऊ बिळांवर जाळी लावून ससे धरत होता आणि नॉर्मन ते लॉरीत घालून बाईंच्या अंगणात आणून ओतत होता.

विल्फ त्याच संध्याकाळी पबमध्ये गेला आणि नॉर्मनला कोपऱ्यात गाठलं. त्याला वाटलं होतं, गडी वरमेल. गडी ग्लासातला फेस पुसत होता.

"जा की मग, सांग बाईला," नॉर्मन म्हणाला. "म्या परक्या रानातलं ससं आणतो, खरं हाय. पर तिचं ससं मरतात का वाचतात, त्याचं पाप माझ्या माथ्यावर न्हाई. तू काय करतोस, तेबी मला ठावं हाय. बांधाआड बसून बघितलंय म्या. आया सोडतोस तू. बाळंतिणींची सुटका करणारी सुईणच की रं."

"तू बोलणार न्हाईस," विल्फ म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

"तू बोललास तर बोलेन. बाई कुणाला आधी हाकलंल, सांग बरं."

विल्फनं विचार केला आणि त्याला उत्तर लगेच सापडलं. बाईंना फसवून दुसरीकडचे ससे दाखवणारा त्यांना लबाड वाटला असता. पण त्यांच्याच शलगमावर ससे पोसणारा, तोही इतकी वर्षं, त्यांचाच चहा पिऊन? बाईंनी त्याला खतात पुरला असता. तो न पिताच घरी आला.

आता जिंकायचं तर एकच वाट उरली होती. त्या रात्री वारा जोराचा होता, पाऊस आडवा मारत होता, म्हणजे शिकारीला एक नंबर रात्र. मेगनं पहिलाच ससा आणून दिला आणि विल्फचा अंगठा ओला झाला. दुधावरची मादी होती. बिळात पिल्लं वाट बघत असणार. विल्फ तिला हातात धरून बराच वेळ उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. मग त्यानं मान मोडली. मेग धन्याकडं बघतच राहिली. ती त्या रात्री अशी धावली, अशी धावली, की सात पिढ्यांचं उट्टं काढतेय असं वाटावं.

त्यानंतर विल्फनं हात आखडला नाही. नर नाही, मादी नाही, बच्चं नाही. जितके तिकडून स्विनहोपचे येत, तितके इकडं तो बाईंच्या रानातून उपसून काढत होता. दर खेपेला त्याला आधीपेक्षा लांब चालावं लागत होतं, हे त्याच्या लक्षात येत होतं. पण सकाळी अंगणात नॉर्मनचा ढीग दिसला की तो ते विसरायचा. शेवटी शेवटी तो आणि मेग एकेका सशासाठी अख्खी टेकडी पालथी घालत होते.

मेंढ्या विणीला आल्या. बाईंनी गोठ्याच्या दारावरच्या रेघा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि विल्फच्या थोड्या जास्त भरल्या. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अख्ख्या खोऱ्यात बाईंची थाप मिळालेला दुसरा प्राणी म्हणजे त्यांचा मेंढा.

"विल्फ, जिवंत असेस्तवर हे फाटक तुझं," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी दिसलं तर म्या गोळी घालीन."

नॉर्मननं हात मिळवला आणि हसत हसत लॉरीत बसला. त्या रात्री पबमध्ये विल्फ बाकावर उभा राहून बोलला. वारा कसा धरावा, बत्ती कशी फिरवावी, सगळं बोलला. लोकांनी ऐकलं, कारण बिअर तोच पाजत होता.

उन्हाळा गेला. गवत बाईंच्या गुडघ्याला लागलं. शलगम असे फुगले की बाई भेटेल त्याला उचलून दाखवत होत्या. थंडीची पहिली काळीकुट्ट रात्र आली, वारा माळावरून सुसाटला, आणि विल्फ बॅटरी चढवून आपल्या फाटकातून आत शिरला. वरच्या रानात झोत फिरवला, मेंढरांचे हिरवे डोळे चमकले. मधल्या रानात मेंढरं. नदीकाठी मेंढरं. तो दर रात्री गेला. मेगचा पट्टा एकदाही सुटला नाही. परतताना बाई खिडकीतून हात करायच्या, कारण असा विश्वासू माणूस त्यांना दुसरीकडं मिळाला नसता.

नाताळच्या तोंडावर विल्फ नॉर्मनच्या दारात उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत चारदा ठरवलं होतं, त्यातलं एकही तोंडातून निघेना. नॉर्मननंच त्याला सोडवलं. स्विनहोपला येतोस का, म्हणाला. ससे तसेच आहेत, किंबहुना वाढलेत. फक्त रान त्याच्या भावाचं, तेव्हा बत्ती नॉर्मन धरणार. बॅरनचा पाय दुखावलाय, तेव्हा मेग धावणार. पिशवी आणि बॅटरी विल्फनं घ्यायची.

त्या रात्री वारा पाठीवर होता आणि नॉर्मन सिगारेट ओढत पुढं चालला होता. बत्ती पेटली तर रान सशांनी हललं. विल्फनं मेगला सोडलं. ती निम्म्यावर पोचली आणि नॉर्मनचा झोत घसरून तिच्या डोळ्यांत गेला. मेग जागच्या जागी थांबून आंधळ्यासारखी हवा हुंगू लागली आणि सगळे ससे बिळांत गेले. बत्तीसाठी पुढं झालेला हात विल्फनं मागं घेतला.

"तुझी कुत्री जरा थंड हाय," नॉर्मन मागं वळून म्हणाला. "आणि तू एक शिक, विल्फ. एका दमात समदं उचलायचं नसतं. काईतरी राखावं लागतं मानसानं."

विल्फ व्हय म्हणाला. बॅटरीचा पट्टा खांद्याला रुतत होता, तो त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतला, आणि नॉर्मनच्या मागोमाग चालू लागला.