काशीत सोडलेला चहा

काशीयात्रेनं माणसाची पापं धुऊन निघत असतील, कपडे मात्र घरी येऊनच धुवावे लागतात. यात्रेहून वर्ध्याला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंताबाईंसमोर मळक्या कपड्यांचा ढीग पडला होता, रांजण कोरडा होता आणि पिठाचा डबा रिकामा. त्यात रविवारी यात्रेचं मावंदं घालायचं म्हणून नवऱ्यानं, प्रभाकररावांनी, गाडीतून उतरल्या उतरल्या भेटेल त्याला जेवायचं आमंत्रण देऊन टाकलेलं. प्रभाकरराव कचेरीत हेडक्लार्क. आमंत्रणं त्यांनी द्यायची आणि रांधायचं बाईंनी, ही वाटणी लग्नापासूनचीच होती.

कामाचं बाईंना काही वाटलं नाही. त्यांना फक्त आधी चहा हवा होता. सगळं घर झोपलेलं असताना मागच्या दाराच्या पायरीवर बसून, कान तुटलेल्या कपातून घेतलेला तो चहा म्हणजे त्यांचं दिवसातलं एकमेव निवांत बसणं. यात्रेत तेही नशिबी नव्हतं. सगळे घाटावर जात, देवळांत जात, आणि काशीत माकडं फार, चोर फार, म्हणून सामान राखायला बाई. एकदा गंगेत बुडी मारली ती सोडली तर काशी त्यांनी पाहिली ती धर्मशाळेच्या चुलीच्या धुरातून.

आधण उकळलं, पत्ती पडली, वास सुटला, आणि नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कौशल्याबाई म्हणजे प्रभाकररावांच्या थोरल्या, विधवा बहीण. सोवळंओवळं, व्रतवैकल्यं, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. यात्रेलाही त्या सोबत होत्या.

"अवं, हे काय करून राह्यली तू?" त्या म्हणाल्या. "चहा सोडला ना तू काशीत."

बाईंना आधी काही कळेचना. मग नणंदेच्या बोलण्यातून उलगडा झाला. काशीला गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं, हा रिवाज त्यांना ठाऊक होताच. घाटावर गुरुजींनी संकल्प सांगितला, प्रभाकररावांनी स्वतःचं सोडलं, आणि बायको सामानाजवळ बसलेली म्हणून तिच्या नावानंही ओंजळभर पाणी सोडून मोकळे झाले. बायकोच्या नावावर चहा. आणि स्वतः काय सोडलं? कारलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात कारल्याला बोट लावलं नाही, शेजारी कारलं शिजलं तरी जो नाकाला धोतराचा सोगा लावी, त्यानं गंगेच्या काठी कारल्याचा त्याग केला.

बाईंनी विचारलं तेव्हा प्रभाकरराव दाढी करत होते. गुरुजींनी विचारलं, ऐनवेळी सुचलं ते सांगितलं, त्यात एवढं काय, असं ते आरशाकडे बघत म्हणाले. वर, चहानं तसंही पित्तच होतं, हेही ऐकवलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंगेच्या पाण्यावर बोललेला शब्द. मोडला आणि सासरी नांदणाऱ्या लेकीचं काही वाईट झालं तर? त्या भीतीनं त्यांनी गाळलेला चहा नवऱ्याच्या कपात ओतला आणि स्वतः धुणं घेऊन विहिरीवर गेल्या.

आठवडा तसाच गेला. सकाळी डोकं ठणके. घरात चहा दिवसातून चारदा होई आणि चारही वेळा तो बाईच करत. गंगाजल न्यायला आलेल्या बायका, बाई काशी करून आल्या म्हणून त्यांच्या पाया पडत, तेव्हा तर बाईंना आणखीच संताप येई. पाया कशाला पडता, एक घोट चहा द्या, असं ओठांवर येई.

रविवारी मावंदं झालं. पंगती उठल्या, विड्याची पानं लावली गेली, आणि प्रभाकरराव लोडाला टेकून काशीच्या गोष्टी सांगू लागले. आम्ही हे पाहिलं, आम्ही ते पाहिलं. आतल्या खोलीत खरकटी भांडी गोळा करताना बाई ऐकत होत्या. त्या 'आम्ही'त आपण कुठंच नव्हतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या वासुदेवराव मास्तरांनी विचारलं, काशीत सोडलं काय?

"मी कारलं सोडलं," प्रभाकरराव म्हणाले, आणि मोठ्या कौतुकानं पुढं म्हणाले, "पण खरा त्याग हिचा. हिनं चहा सोडला." मंडळींनी माना डोलावल्या. लगेच त्यांनी आत हाक दिली, "अवं, सगळ्यांसाठी चहा टाक."

बाई बाहेर आल्या. हातात चहा नव्हता, खरकटं होतं. त्या पुरुषांच्या बैठकीत कधी बोलत नसत.

"बाई, तुमी सांगा," त्या थेट दाराशी बसलेल्या नणंदेला म्हणाल्या. "ओंजळीतलं पाणी ज्यानं सोडलं, नेम त्याचा का दुसऱ्याचा? मी तं तिथं नव्हतीच. मले कोणी पुसलंही नाई."

प्रभाकरराव हसून काही म्हणणार होते. कौशल्याबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. भाऊ कितीही लाडका असला तरी शास्त्राशी त्यांनी कधी लबाडी केली नव्हती.

"बायको हाताले हात लावून उभी असती तं गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "पाणी प्रभाकरच्या ओंजळीतलं, बोलला प्रभाकर. चहा त्याचा सुटला."

मास्तरांना ठसका लागला. बाई आत गेल्या आणि मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं. मग कप भरून त्यांनी स्वतः तबक फिरवलं. मास्तरांना दिला, कचेरीतल्या मंडळींना दिला. सवयीनं पुढं आलेल्या प्रभाकररावांच्या हातासमोरून तबक तसंच पुढं गेलं.

पाहुणे गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळले. बाई मागच्या पायरीवर कान तुटलेला कप घेऊन बसल्या होत्या.

"खरंच नाई देत का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं नाही. "इतकी वर्सं मले वाटे, मले काय आवडते हे तुमाले ठाऊकच नाई," त्या म्हणाल्या. "म्हणून मी कधी राग धरला नाई. पण काशीत तुमी चहाच सांगितला. म्हणजे तुमाले ठाऊक होतं."

बाईंनी उरलेला चहा सावकाश संपवला आणि मग भांडी घासायला घेतली.