मारणाऱ्याची आई

“दर्शना मोरीत घसरली, एवढंच सांगायचं. समजलं?” इस्पितळाच्या जिन्यापाशी हितेंद्रने आईचा दंड घट्ट धरला.

“हात सोड आधी,” शेवंती म्हणाली.

“मी आत गेलो तर म्हातारपणी तुला कोण बघणार? ती?”

वॉर्डात दर्शनाचा मोडलेला जबडा तारांनी बांधला होता. तिला बोलता येत नव्हतं. काल दुपारी हितेंद्रने बायकोला लाटण्याने मारलं, तेव्हा लालबागच्या त्या खोलीत तिसरं माणूस होतं ते शेवंतीच. ती भिंतीला चिकटून बसून राहिली होती.

एकोणऐंशी साली तिचं मनगट मोडलं होतं. दौलतने, तिच्या नवऱ्याने. ती हात छातीशी धरून चौकीत गेली.

“मारलं कोणी? नवऱ्याने? मग घरचीच गोष्ट की बाई,” हवालदार म्हणाला. अदखलपात्र म्हणून दोन ओळी खरडल्या आणि दौलतला बोलावून तिला त्याच्याच स्वाधीन केलं. चार वर्षांनी नवऱ्याच्या छळाला तुरुंग दाखवणारा कायदा आला. शिवणकामाच्या कारखान्यात तिच्याशेजारी बसणाऱ्या सुचित्राने पेपर वाचून दाखवला.

“मागच्या माराला लागतो?” शेवंतीने विचारलं.

“नाही गं. आता मारलं तर.”

दौलत त्यानंतरही मारतच राहिला. पण चौकीची पायरी शेवंती पुन्हा चढली नाही. छोटा हितेंद्र कॉटखालून सगळं बघत मोठा झाला.

जबाब घ्यायला आलेल्या फौजदार सीमाबाईंनी कागद पुढे ओढला. “नातं काय तुमचं?”

“आई.”

“मुलीची?”

“नाही. मारणाऱ्याची.”

शेवंतीने सगळं सांगितलं. लाटणं, शिव्या, आपलं गप्प बसणंसुद्धा. मग सही केली.

पोलीस नेत असताना हितेंद्र व्हरांडाभर ओरडत होता, “बापाला आयुष्यभर पोसलंस, आणि मला अडकवतेस? मेलीस तरी खांदा द्यायचा नाही मी!”

“नको देऊ,” शेवंती म्हणाली.

तिने पेजेची वाटी घेतली, त्यात स्ट्रॉ घातली आणि दर्शनाच्या खाटेपाशी गेली.

“सांगितलं गं मी. खरं ते सगळं.”

दर्शनाने तिच्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली.

शेवंती वाटी धरून तशीच उभी राहिली.