वरचं घर, खालचं घर

खारूने सोफ्यावरून उडी मारली की खालून काठीचा ठोका यायचा. दुसऱ्या उडीला दुसरा ठोका. खारूला तो खेळच वाटायचा. ठोका यायची वाट बघून ती पुढची उडी मारायची. तिच्या आईचा जीव मात्र दर ठोक्याला मुठीत.

खारू नऊ वर्षांची. तिचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण एका जागी न ठरणाऱ्या पोरीला मामाने लाडाने ठेवलेलं हेच नाव चिकटलं. तिला ऑटिझम आहे हे ती बोलायला लागायच्या आधीच कळलं होतं. शाळेत ती दिवसभर शहाण्यासारखी बसायची. घंटा, बाकांचं खरखरणं, शेजारच्या मुलीच्या केसांचा वास, सगळं निमूट सोसायची. घरी आली की ते सगळं अंगातून बाहेर काढायला तिला उड्या लागायच्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उड्या बंद करू नका. तिच्यासाठी तो सुटकेचा श्वास आहे." म्हणणं अगदी खरं होतं. पण डॉक्टरीणबाईंच्या घराखाली घड्याळजी राहत नव्हते.

खारूच्या घराखाली राहत होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान पुतण्याच्या हवाली करून म्हातारबुवा नाजूक कामं घरीच घेऊन बसत. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसासारखी बारीक स्प्रिंग, श्वाससुद्धा बेताने, आणि नेमकं वरून धप्प! एकदा ते वर आले आणि तळहात पुढे करून म्हणाले, "हा स्क्रू बघा. दिसतोय? नाही ना? मलाही दिसत नव्हता. अख्खी दुपार जमिनीवर रांगत होतो."

आईने माफी मागितली. माफी मागण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बसमध्ये, दुकानात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे तिचं तेच चालायचं. कारण मात्र ती फारसं कुणाला सांगत नसे. सांगितलं की माणसं एकतर "अरेरे" म्हणत, नाहीतर "दोन रट्टे द्या, सुतासारखी सरळ होईल" म्हणत. तिला दोन्ही नको होतं.

उपाय सगळे करून झाले. जमिनीवर जाड गादी अंथरली, तर खारू गादीवरून उतरून फरशीवर उडायची. "गादीवर पाय खोटा पडतो," म्हणाली. शेवटी आई-बाबांनी ठरवलं, हे घर विकायचं आणि तळमजल्यावर दुसरं घ्यायचं. बाबा बसचा ड्रायव्हर, आई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. घर विकण्यातलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. पण मामाचा धंदाच घरं विकायचा होता.

"ताई, तू निर्धास्त राहा," मामा म्हणाला. "असं चुटकीसरशी विकतो बघ. फक्त लोक येतील तेव्हा खारूला जरा बाहेर ने."

ते शक्य नव्हतं. लोक यायचे संध्याकाळी, आणि संध्याकाळी खारू घरातच असायची. त्यात बदल केला तर पुढचे कित्येक दिवस घरात कुणी धड जेवत नसे. मग मामाने भाचीला समोर बसवलं.

"हे बघ राणी, उद्या पाहुणे घर बघायला येणार. तू आपलं गप्प बसायचं. तोंडाला कुलूप. काय?"

खारू उठून आत गेली आणि सायकलचं कुलूप घेऊन आली. बराच वेळ आरशासमोर खटपट करून म्हणाली, "मामा, हे लागत नाही. तोंडाला कडी नाहीये."

दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं आलं. मामाने हसतमुखाने दार उघडलं, पण खारू त्याच्या पुढे होती.

"पायपुसण्यावर पाय पुसा. घर मी दाखवते. मला सगळं माहीत आहे."

तिने दाखवलंही. "ही बाथरूमची भिंत. ही ओली असते. बाबांनी काल रंग दिला म्हणून आज दिसत नाही. ही खिडकी. ही उघडू नका, बंद होत नाही. बंद करायला बाबा आणि मामा दोघं लागतात. हा कपाटाचा खण. यात झुरळ होतं. मेलं. पण त्याच्या घरचे असतील."

जोडप्यातली बाई नवऱ्याच्या मागे सरकली. मामाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थिजून राहिलं होतं, जणू उतरवायचं विसरलाच.

त्यानंतर आले ते बँकेतले साहेब. तेही तसेच गेले. मग एक शिक्षिका आली, तिला घर आवडलं, आणि तिने सहज विचारलं, "शेजार कसा आहे?"

"खालचे काका काठीने छत बडवतात," खारू म्हणाली. "थांबा, तुम्हाला ऐकवते." आणि तिने सोफ्यावरून उडी मारली. खालून ठोका आला. खारूने अभिमानाने मान डोलावली. "बघा."

शिक्षिका जिना उतरून गेल्यावर मामाने कपाळावर हात मारला. "ताई, अगं या धंद्यात माझे केस पांढरे झाले, पण असला विक्रेता बघितला नव्हता!" बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला. आईलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण त्याच आठवड्यात मामाने दाखवलेल्या एका तळमजल्याच्या घराच्या उंबऱ्यावरच खारू आडवी झाली होती, कानांवर हात दाबून. आत पाऊल टाकायलाच तयार नव्हती. फरशीचा रंग वेगळा, दार डावीकडे, स्वयंपाकघर भलतीकडे. इथे राहता येईना आणि तिथे जाता येईना.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाबा ड्युटीवर होता. आईने दार उघडलं तर घड्याळजी. तिची जीभ सवयीने माफीकडे वळली.

"सॉरी, ती आत्ताच..."

"आत्ता काही नाही झालं," ते म्हणाले. "घर विकताय म्हणे. म्हटलं विचारावं, कोणाला. माझ्या डोक्यावर कोण येणार ते मला कळायला नको? एखादा तबला शिकवणारा आला तर मी कुठे जाऊ?"

खारू पुढे आलीच. "घर बघायला आलात? पाय पुसा."

आई "अगं, ते नाही..." म्हणेपर्यंत घड्याळजींनी पाय पुसले होते. खारूने त्यांना सगळं घर दाखवलं. ओली भिंत, खिडकी, झुरळाचे नातेवाईक, काहीएक राखून ठेवलं नाही. म्हातारबुवा प्रत्येक ठिकाणी थांबून नीट बघत होते. भिंतीला त्यांनी हात लावून पाहिला. खिडकीची बिजागरी निरखली आणि म्हणाले, "हिला फक्त तेल हवंय." मग खिडकीपाशी येऊन त्यांनी तळहात उन्हात धरला.

"इथे हा उजेड किती वेळ असतो गं?"

"दुपारी मी शाळेतून येईपर्यंत. खाली नसतो का?"

"खाली मी दिवसासुद्धा दिवा लावतो." त्यांनी वर पाहिलं. "आणि तुमच्या डोक्यावर कोण?"

"गच्ची. तिथे कुणी उड्या मारत नाही. कबुतरं चालतात, पण त्यांचे पाय हलके असतात." मग खारूला एकदम आठवलं. "तुम्ही काठी मारता ना, तेव्हा आई बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून रडते. नळ सोडला तरी ऐकू येतं."

आईला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. नळाच्या आवाजात सगळं बुडतं असं तिला इतके दिवस वाटत होतं. घड्याळजी मटकन सोफ्यावर बसले. खारू मात्र कबुतरांची नक्कल करत खोलीभर चालत होती.

"मला वाटायचं पोरगी मुद्दाम करते," ते हळूच म्हणाले. "मी ठोकलं की पुढची उडी बरोब्बर तालात यायची."

मग आईने सांगितलं. पहिल्यांदाच, माफी न मागता. शाळेतला दिवस, अंगात साठणारं सगळं, उड्या का लागतात, नवीन घराच्या उंबऱ्यावर काय झालं. म्हाताऱ्याने "अरेरे" म्हटलं नाही आणि रट्ट्यांचं नावही काढलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खालचं घर कधी पाहिलंय तिने? माझं?"

"नाही."

"ह्याचीच प्रत आहे. दार तिथेच, स्वयंपाकघर तिथेच, फरशीसुद्धा हीच." ते जरा अडखळले. "मला उजेड हवाय आणि डोक्यावर शांतता हवीय. तुम्हाला पायाखाली जमीन हवीय. मग हे घर परक्याला कशाला विकता? तुम्ही खाली या, मी वर येतो."

आईला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, पण जिना? तुमचे गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत. आजवर फक्त डोकं दुखत होतं."

मामाने ऐकलं तेव्हा दोन्ही हात डोक्याला लावले. "दोन घरं हातोहात फिरली आणि मला मधे दमडीचं काम नाही! पोरीने माझ्या पोटावर पाय आणला." पण कागदपत्रांसाठी सगळी धावपळ त्यानेच केली, आणि जाताना खारूच्या डोक्यावर टपली मारायचं टाळून तिच्या आवडीप्रमाणे लांबूनच हात हलवला.

खारू खालचं घर आधी बघून आली. वास नवा होता, घड्याळाच्या तेलाचा. पण तो वासही तिला चालला, कारण घड्याळजींनी तिला तेलाची बाटली दाखवून वास कुठून येतो ते सांगितलं. खटका फक्त एका गोष्टीवर उडाला. स्वयंपाकघराचा नळ उलट्या बाजूला फिरत होता. "हा नळ चुकलाय," खारू म्हणाली आणि तिथून हलेना. बाबाने वरचा नळ काढून खाली बसवला, खालचा वर. घड्याळजी पाना धरून मदतीला उभे होते. "मला कसाही फिरला तरी चालेल," म्हणाले. "मी सकाळी चहापुरता फिरवतो."

घर हलवायच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. आधी खारूचा पलंग, मग सोफा, मग बाकी पसारा, अगदी तिने सांगितलेल्या क्रमाने. संध्याकाळी आई हुश्श करून बसते न बसते तोच आतून किंकाळी आली.

खारू खिडकीपाशी होती. घर बघायला आली तेव्हा तिथे घड्याळजींचं कामाचं टेबल आड होतं. "झाड कापलं! झाड कापलं!"

वरच्या खिडकीतून तिला रस्त्याकडच्या झाडाचा शेंडा दिसायचा, पानं आणि आभाळ. या खिडकीतून दिसत होता नुसता बुंधा. तिच्या लेखी कुणीतरी झाडाचं वरचं अंग छाटून नेलं होतं. ती जमिनीवर कोसळली, डोकं फरशीला लावून ओरडत राहिली. बाबा समजवायला वाकला, तर आईने त्याला खुणेने मागे सारलं. अशा वेळी शब्द म्हणजे आगीत तेल. ती खारूच्या शेजारी, हात न लावता, फरशीवर उताणी पडली. बस, एवढंच. तिच्या मनात आलं, संपलं सगळं. उद्या परत सामान वर न्यायचं.

जिन्यावरून घाईघाईची पावलं आली. घड्याळजींनी दारातून नुसतं पाहिलं. बाबाने दबक्या आवाजात सांगितलं, "झाड कापलं म्हणतेय." म्हातारबुवांनी खिडकीकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं, आणि परत वर गेले.

थोड्या वेळाने खिडकीबाहेर एक पान पडलं. मग दुसरं. मग पानांचा एक झुबकाच गिरक्या घेत खाली आला. वरच्या खिडकीतून हाक आली, "खारू! मी फांदी हलवतोय! आहे बरं का वर सगळं! पक्षीपण आहे एक, रागावलाय माझ्यावर!"

ओरडणं एकदम थांबलं नाही. हळूहळू त्याचे हुंदके झाले, मग नुसता श्वास. खारू उठून खिडकीला नाक लावून बसली. बुंध्यावरून नजर वर वर नेत मान मोडेपर्यंत मागे झुकली.

"शेंडा वर आहे," ती बाबाला म्हणाली. "झाड उंच आहे. आपण खाली आहोत म्हणून."

"हो," बाबा म्हणाला आणि घाम पुसून तिथेच फरशीवर बसला.

पुढचे काही दिवस खारूने झाड जागेवर असल्याची खात्री रोज करून घेतली. मग तिचं तिलाच पुरेसं झालं.

असाच एकदा बाबा ड्युटीवरून घरी आला. दाराबाहेरूनच धपधप ऐकू येत होतं, एका लयीत, बेधडक. त्याने दार उघडलं. आई सोफ्याच्या एका कोपऱ्यात, कारखान्याच्या कपड्यांतच, पिशवी मांडीवर ठेवून तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दुसऱ्या कोपऱ्यातून खारू उड्या मारत होती. बाबाने घाबरून तोंडावर बोट ठेवलं.

खारूने उडी न थांबवता त्याला समजावलं, "आई झोपलीये. मी उड्या मारतेय. दोन्ही चालू आहे."