सत्तावीसचा दगड

माझे बाबा, खुशालराव, रस्त्यावर मैलकुली होते. म्हणजे नेमून दिलेल्या पाच किलोमीटरचे धनी: खड्डे बुजवा, कडेचं गवत कापा, किलोमीटरच्या दगडांना चुना मारा. आमच्या गावावरून पातूरला जाणारा हा रस्ता आधी कापसाच्या बैलबंड्यांची चाकोरी होता. मग मुरूम पडला, मग डांबर, मग राज्यमार्ग म्हणून दगडांची डोकी हिरवी झाली. आता चौपदरी होतोय. रस्त्याचं बरंय, त्याला कुणी नोटीस देत नाही.

एक्याण्णव साली सत्तावीस नंबरच्या दगडापाशी कुणाची तरी हरवलेली गाय सापडली आणि गावातल्या बायांनी दगडाला शेंदूर फासला. कोरलेला आकडा दिसेना. दोन दिवसांवर साहेबांचा दौरा. देव उपटायची बाबांची छाती झाली नाही. त्यांनी सत्तावीस आकड्याचा नवा दगड आणून चाळीस पावलं पुढे रोवला. नोकरीही वाचली, देवही वाचला.

आमची शेजारीण गोदाकाकू विधवा, एकटी. तिच्या घराच्या जागेचा सरकारी पट्टा एक्याण्णवच्या कितीतरी आधीचा. त्यात जागा लिहिलीय ती सत्तावीसच्या दगडापासून फुटांत. यंदा चौपदरीच्या मोजणीवाल्यांनी फीत लावली बाबांच्या दगडापासून. कागदावरचं घर नाल्यात गेलं आणि राहतं घर ठरलं अतिक्रमण. सात दिवसांत खाली करा.

बाबा मला घेऊन ऑफिसात गेले. "साहेब, दगड म्या सरकवला. माही चूक हाय," हात जोडून म्हणाले.

"सरकवल्याचा आदेश आहे?"

"नाई."

"मग जुना दगड कुठाय?"

"त्याचा देव झाला."

साहेब हसले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते. पण आम्ही निघताना म्हणाले, "त्यावर सत्तावीस दिसत असेल तर फोटो आणा. फेरमोजणी लावतो."

बाबा घरी टेकलेही नाहीत, खुरपं घेऊन थेट दगडाकडे गेले. तीस-पस्तीस वर्षांचा शेंदूर, चार बोटं जाड. पहिला घाव घालणार तोच गोदाकाकू आडवी आली.

"काय करून राहिले भाऊजी?"

"वयनी, याच्या खाली आकडा हाय. तुमचं घर वाचते."

"देवाची साल काढून मले घर नाई पायजे."

"काकू, दगड आहे तो! किलोमीटरचा दगड!" मी ओरडले.

"तुले दगड असन बाई."

मी तिच्या पाया पडले, भांडले, तिला वेडी म्हणाले. बाबांनी खुरपं खाली ठेवलं. मला दोघांचाही संताप आला आणि दोघांपुढेही माझं काही चाललं नाही. बाबांच्या नकळत खरवडावं असंही मनात आलं. पण मग तिनं माझ्या दारात पाऊल ठेवलं नसतं.

आठव्या दिवशी जेसीबी आला. काकूनं दगडावर तांब्याभर पाणी घातलं आणि मग भांडी बाहेर काढायला घेतली. बाबा तिचा पितळी हंडा उचलायला पुढे झाले.

"वयनी, मले चार शिव्या तरी द्या."

"काहून? तवा तुमी देव वाचवला भाऊजी. तुमच्यावर राग कसा धरू?"

बाबा हंडा घेऊन तसेच रस्त्यावर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.